न्यू जर्सीत कागद नसलेल्या मुलीला इन-स्टेट फी मिळते का? एका आईच्या प्रश्नाला उत्तर

ताई, तुमचा निरोप वाचला. इतरांच्याही उपयोगी पडेल म्हणून तुमची ओळख वगळून इथेच सविस्तर लिहिते.

तुमची हकीकत थोडक्यात अशी. २०१६ मध्ये यजमान एच-१बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, आणि तुम्ही व मुलगी एच-४वर, म्हणजे त्याच्या कुटुंबासाठीच्या व्हिसावर, न्यू जर्सीत आलात. २०२१ मध्ये त्यांची नोकरी गेली, मुदतवाढीचा अर्ज नामंजूर झाला आणि तुम्ही कायदेशीर कागदांशिवाय इथेच राहिलात. धाकट्याचा जन्म इथलाच. मुलगी नववीपासून न्यू जर्सीच्याच सरकारी हायस्कुलात आहे, आता बारावीत, वय सतरा वर्षं तीन महिने. शाळेच्या काउन्सेलरनं पासपोर्टवरचा जुना एच-४ बघितला आणि सांगितलं की आउट-ऑफ-स्टेट, म्हणजे बाहेरच्या राज्यातल्यांची जास्तीची, फी भरावी लागेल. नात्यातलं कुणीतरी म्हणालं, फॉर्मवर सिटिझन लिहून टाका, कोण बघतंय.

पहिल्या गोष्टीचं उत्तर: तुम्ही सांगितलंय ते सगळं तसंच असेल, तर न्यू जर्सीच्या कायद्यानं तुमच्या मुलीला इन-स्टेट फी मिळायला हवी. दुसऱ्या गोष्टीचं उत्तर: कधीही नाही, कुठल्याही फॉर्मवर नाही.

मी चौदा वर्षं इथल्या एका काउंटी कॉलेजच्या प्रवेश कार्यालयात होते, त्यातली बरीचशी रेसिडेन्सी, म्हणजे विद्यार्थी राज्यातला की बाहेरचा हे, ठरवण्याच्या टेबलावर. आता स्वतंत्रपणे मुलांना कॉलेजच्या अर्जांसाठी मदत करते. इमिग्रेशनची वकील मी नाही. जिथे वकीलच लागतो तिथे मी तसं स्पष्ट लिहिलंय, आणि ती वाक्यं सोडून पुढे जाऊ नका.

आधी ‘सिटिझन’च्या चौकोनाबद्दल, कारण बाकी चुका सुधारता येतात, ही येत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी एक मुलगा आणि त्याची आई माझ्या टेबलासमोर बसले होते. आईच्या मांडीवर प्लास्टिकची फाइल, तिच्यात लसीकरणाच्या कार्डापासून पाचवीच्या प्रगतिपुस्तकापर्यंत सगळं. मुलानं फॉर्म पुढे केला. दुसऱ्या पानावर नागरिकत्वाच्या पहिल्या चौकोनात निळ्या पेननं खूण केलेली, इतकी दाबून की मागच्या बाजूला बोटाला लागत होती. मी सहज विचारलं, जन्म कुठला? तो म्हणाला, नाशिक. मग तिघंही गप्प. फॉर्मवर अजून आवक शिक्का बसला नव्हता. मी तो घेतलाच नाही, ड्रॉवरमधून कोरा फॉर्म काढून दिला. आईनं जुन्याचे चार तुकडे केले आणि पर्समध्ये घातले.

एवढं घाबरण्याचं कारण असं. १९९६च्या कायद्यानं, केंद्राच्या किंवा राज्याच्या कायद्याखालचा कुठलाही लाभ मिळवण्यासाठी ‘मी अमेरिकेचा नागरिक आहे’ असं खोटं सांगणाऱ्याला ग्रीन कार्डाचं दार कायमचं बंद होतं. उद्या मुलीनं अमेरिकन नागरिकाशी लग्न केलं तरी ते उघडत नाही. मुदत संपल्यावर राहणं या दोषावर काही परिस्थितीत माफी मिळू शकते, या खोटेपणावर ग्रीन कार्डासाठी जवळजवळ मिळतच नाही. ‘तेव्हा वय कमी होतं’ हा बचाव आपोआप चालत नाही. आणि हा चौकोन फक्त कॉलेजच्या अर्जावर नसतो. शाळेत मतदार नोंदणीची मोहीम असते, लायसन्स काढायला गेलं की खिडकीवरची व्यक्ती सवयीनं विचारते की मतदार म्हणून नाव घालू का. मुलीला आजच शिकवून ठेवा: ‘नो, थँक यू’. सही करायची नाही.

आता मूळ प्रश्न. इन-स्टेट फी म्हणजे काय हे आपल्या माणसाला आपल्या भाषेत सांगायचं तर राज्याचा कोटा आणि डोमिसाईल. महाराष्ट्रात वैद्यकीयच्या राज्य कोट्यात बसायचं तर नुसता अधिवासाचा दाखला पुरत नाही, दहावी आणि बारावीही महाराष्ट्रातून झालेली लागते. ‘कुठे राहतो’ आणि ‘कुठे शिकला’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. हा फरक डोक्यात पक्का ठेवा, कारण अमेरिकेतल्या या सगळ्या भांडणाचा कणा तोच आहे.

पैशांचा फरक मोठा आहे. रटगर्स या न्यू जर्सीच्या सरकारी विद्यापीठाच्या न्यू ब्रन्सविक कॅम्पसवर राज्यातल्या विद्यार्थ्याची वर्षाची ट्युशन आणि इतर फी अठरा-एकोणीस हजार डॉलरच्या आसपास जाते, बाहेरच्याला साधारण दुप्पट. कॅलिफोर्निया विद्यापीठात तर राज्यातल्या मुलाला पंधरा हजारांच्या आसपास आणि बाहेरच्याला पन्नास हजारांच्या आसपास. राहणं-जेवण वेगळं. कागद नसलेल्या मुलाला केंद्राचं पेल अनुदान नाही, केंद्राचं कर्ज नाही. म्हणून त्याच्यासाठी या एका शब्दावर कॉलेज होतं किंवा राहून जातं.

शाळेपर्यंत हा प्रश्न येत नाही. १९८२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं टेक्ससमधल्या टायलर गावच्या शाळांच्या खटल्यात, प्लायलर विरुद्ध डो, पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला की सरकारी शाळेतून मुलाला कागदांवरून बाहेर ठेवता येणार नाही. तुमच्या मुलीला शाळेनं कधी स्टेटस विचारलं नाही ते यामुळे. पण तो निकाल बारावीच्या दारापाशी थांबतो. कॉलेजसाठी १९९६ मध्ये काँग्रेसनं दोन कायदे केले. एकात म्हटलं की राज्याला अशा मुलांना लाभ द्यायचा असेल तर त्यासाठी राज्यानं स्वतः नवा कायदा करावा. दुसऱ्यात, ज्याचं कलम ५०५ सगळ्या खटल्यांत येतं, असं म्हटलं की कायदेशीर उपस्थिती नसलेल्या व्यक्तीला ती ‘राज्यात राहते’ या आधारावर उच्च शिक्षणाचा लाभ देता येणार नाही. द्यायचाच असेल तर तोच लाभ अमेरिकेच्या नागरिकालाही, तो कुठल्याही राज्यात राहत असला तरी, मिळाला पाहिजे.

त्यातून राज्यांनी जो मार्ग काढला तो समजून घेतला तर तुम्हाला काउंटरवर कुणी उलटसुलट सांगून घाबरवू शकणार नाही. राज्यांनी ‘राहतो’ हा शब्द काढला आणि ‘शिकला’ हा शब्द घातला. कॅलिफोर्नियाचा एबी ५४० हा कायदा २००१चा. तो विद्यार्थ्याला रहिवासी म्हणतच नाही. तो म्हणतो की ज्यानं कॅलिफोर्नियाच्या हायस्कुलात तीन वर्षं शिकून डिप्लोमा, म्हणजे बारावी पुरी केल्याचं प्रमाणपत्र, घेतला, त्याला बाहेरच्यांची जास्तीची फी माफ. म्हणजे हायस्कूल कॅलिफोर्नियात करून आईवडिलांसोबत नेवाडाला गेलेला अमेरिकन नागरिकही त्याच माफीत येतो. आणि असे विद्यार्थी खरोखर आहेत, मोठ्या संख्येनं आहेत. यावर खटला झाला, आणि २०१० मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानं मार्टिनेझ खटल्यात हा कायदा केंद्राच्या कायद्याला धरून आहे असं ठरवलं. देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं पुढच्या वर्षी त्यात हात घालायला नकार दिला.

न्यू जर्सीचा कायदा याच घाटाचा आहे. डिसेंबर २०१३ मध्ये गव्हर्नर ख्रिस ख्रिस्ती यांनी त्यावर सही केली. अटी मोजक्या: न्यू जर्सीच्या हायस्कुलात तीन किंवा अधिक वर्षं, इथूनच डिप्लोमा किंवा त्याला समकक्ष प्रमाणपत्र, सरकारी कॉलेजात प्रवेश, आणि कागद नसतील तर एक शपथपत्र. तुमची मुलगी नववी ते बारावी इथेच आहे, म्हणजे चार वर्षं. जूनमध्ये डिप्लोमा हातात आला की शपथपत्र सोडून बाकी अटी पुऱ्या.

मग काउन्सेलर का चुकल्या? पासपोर्टमधल्या एच-४ या स्टिकरमुळे. न्यू जर्सीच्या या कायद्याच्या मूळ मजकुरातच एक अपवाद आहे: नॉन-इमिग्रंट, म्हणजे पर्यटक, विद्यार्थी, तात्पुरता कामगार अशा व्हिसावर असलेल्यांना ही माफी नाही. काउन्सेलरनी व्हिसा बघितला आणि मुलीला त्या खान्यात टाकलं. पण व्हिसाचं स्टिकर म्हणजे विमानात बसायची परवानगी. इथे किती दिवस राहता येईल ते आय-९४, म्हणजे देशात आल्याची सरकारी नोंद, ठरवतं, आणि तिची ती मुदत संपून काही वर्षं झाली. आज तिच्याकडे एच-४ नाही, कुठलाच व्हिसा नाही. कॉलेजच्या फॉर्मवर ‘सध्याचा व्हिसा प्रकार’ असा रकाना येईल तिथे जुनं एच-४ लिहू नका. ‘काहीही नाही’ किंवा ‘अन्य’ असा पर्याय असतो, तो निवडा. ते खरंही आहे आणि योग्यही. फक्त तुमचा एखादा अर्ज किंवा अपील अजून कुठे लोंबकळत असेल, तर हे लिहिण्याआधी वकिलाला विचारा.

(आणि ज्यांची मुलं आज खऱ्याखुऱ्या, चालू एच-४वर आहेत त्यांनी वरचं वाचून गोंधळू नये. तुमचा रस्ता वेगळा आहे आणि तो राज्याराज्यात बदलतो. कॅलिफोर्नियात एच-४वरचा विद्यार्थी वर्षभराच्या वास्तव्यानं रेसिडेन्सी सिद्ध करू शकतो, पण एकविसाव्या वर्षी एच-४ सुटून एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागला की ती वाट बंद होते. ग्रीन कार्डाच्या रांगेत आईवडील दहा-पंधरा वर्षं उभे आणि मूल एकविसाव्या वाढदिवसाला रांगेबाहेर, हे आपल्या कितीतरी मराठी घरांत चाललंय. त्यावर स्वतंत्र लिहायला हवं.)

शपथपत्राबद्दल जरा थांबून सांगते, कारण मुलं इथेच अडखळतात. त्यात एक वाक्य असतं: मी माझं इमिग्रेशन स्टेटस कायदेशीर करण्यासाठी अर्ज केला आहे, किंवा पात्र होताच करीन. एका मुलीनं पेन हातात धरून मला विचारलं होतं, “पण मला तर अर्ज करताच येत नाही. मग ही सही खोटी नाही का?” नाही. ‘पात्र होताच’ हे शब्द तिच्यासाठीच लिहिलेत. आज मार्ग नाही, उद्या निघाला तर मी जाईन, एवढंच वचन त्यात आहे. काही कॉलेजांना त्यावर नोटरीचा शिक्का लागतो. नोटरी फक्त सही करणारी व्यक्ती तीच आहे का एवढं बघतो, त्यामुळे चालू मुदतीचा भारतीय पासपोर्ट लागेल. तो संपत आला असेल तर आत्ताच नूतनीकरणाला टाका. आपली वकिलात इथला व्हिसा संपलाय म्हणून भारतीय नागरिकाला पासपोर्ट नाकारत नाही, पण वेळ लागतो, आणि त्या वेळात नेमकी कॉलेजची तारीख निघून जाते.

या कायद्याखाली दिलेली माहिती गोपनीय ठेवायची असं कायद्यातच लिहिलंय, शिवाय विद्यार्थ्यांच्या नोंदींना १९७४च्या केंद्रीय कायद्याचं, फर्पाचं, संरक्षण आहे. कोर्टाचा आदेश आला तर मात्र ते संरक्षण तोकडं पडू शकतं. रजिस्ट्रारकडे एक साधा फॉर्म असतो: नाव, पत्ता, जन्मतारीख ही ‘डिरेक्टरी’ माहिती बाहेर देऊ नये असं सांगणारा. प्रवेश झाल्या दिवशी तो भरा. आणि शपथपत्रात, अर्जात, निबंधात आईवडिलांच्या स्टेटसबद्दल कुणी विचारलेलं नसताना एक ओळही लिहू नका. मुलं कॉलेजच्या निबंधात मन मोकळं करतात. निबंध चांगला होतो, पण तो किती जण वाचतील ते आपल्या हातात नसतं.

काउंटरवर काय बोलायचं तेही सांगते. “माझी मुलगी अनडॉक्युमेंटेड आहे, तिला इन-स्टेट मिळेल का?” असं विचारू नका. समोरची व्यक्ती नवी असेल तर ती ‘नाही’च म्हणते, कारण नाही म्हणणं सोपं असतं. मी स्वतः एका कॉलेजात मुलीसोबत गेले होते तेव्हा खिडकीवरच्या बाईंनी फाइल उघडायच्या आधीच मान हलवली. त्याऐवजी म्हणा, “तिनं न्यू जर्सीच्या हायस्कुलात चार वर्षं केली आहेत. आउट-ऑफ-स्टेट ट्युशनच्या माफीचं शपथपत्र कुठे मिळेल?” मराठीत हे लांबलचक वाटतं, पण या प्रश्नात स्टेटस नाही, शाळा आहे, आणि कायदाही शाळेबद्दलच बोलतो. तोंडी नकार मिळाला तर नम्रपणे ई-मेलवर मागा. त्या दिवशी आम्ही तेच केलं. लेखी उत्तर द्यायची वेळ आली की कार्यालयात कुणीतरी कायदा उघडून बघतं. आठवड्याभरात मुलीची फी बदलून आली.

आता काळजीची गोष्ट. तुम्ही बातम्या बघत असाल, म्हणून लपवत नाही. अशा मुलांसाठी पहिला कायदा करणारं राज्य टेक्सस, २००१ साली, आणि त्यावर सही रिपब्लिकन गव्हर्नर रिक पेरी यांची. तो चोवीस वर्षं चालला. ४ जून २०२५ला केंद्राच्या न्याय खात्यानं टेक्ससवर दावा लावला, टेक्ससनं विरोध न करता सहमती दिली आणि त्याच दिवशी विचिटा फॉल्सच्या फेडरल न्यायालयातून न्यायाधीश रीड ओ’कॉनर यांनी तो कायदा कायमचा थांबवला. दावा आणि निकाल, दोन्ही एकाच दिवसात. ज्यांच्या भवितव्याचा प्रश्न होता त्या विद्यार्थ्यांच्या बाजूनं न्यायालयात बोलणारं त्या दिवशी कुणीच नव्हतं. मला यात सगळ्यात जास्त तेच लागतं.

टेक्ससच्या कायद्यात एक कच्चा दुवा होता. तो अशा मुलांना राज्याचे ‘रहिवासी’ ठरवत होता, म्हणजे १९९६च्या कलमातल्या नेमक्या शब्दावर बोट ठेवायला जागा होती. कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सीचा ‘शाळेवरून माफी’ हा घाट जास्त भक्कम आहे, असं माझं मत. पण न्याय खात्याचा रोख फक्त टेक्ससवर नव्हता. त्याच वर्षी केंटकी, मिनेसोटा, ओक्लाहोमा, इलिनॉय आणि नोव्हेंबरमध्ये कॅलिफोर्नियावरही दावे लागले. ओक्लाहोमातही राज्य सरकार केंद्राशी सहमत झालं. फ्लोरिडानं तर न्यायालयाची वाट न बघता २०१४ मध्ये दिलेली सवलत स्वतःच रद्द केली, १ जुलै २०२५पासून. म्हणून चार वर्षांचा हिशेब आजच इन-स्टेटवर मांडून मोकळ्या होऊ नका. दर सेमिस्टरची फी भरण्याआधी रजिस्ट्रारच्या पानावर कायदा जागेवर आहे ना ते बघा.

दुसऱ्या राज्यात नातेवाईक आहेत, तिकडे पाठवू का, असंही तुम्ही विचारलंय. नका पाठवू. तिची पात्रता तिच्या न्यू जर्सीच्या शाळेतून येते. ती पात्रता राज्याबाहेर तिच्यासोबत जात नाही. न्यूयॉर्क तिथल्या हायस्कुलातली किमान दोन वर्षं मोजतं, तुमची न्यू जर्सीची चार नाही. जॉर्जियात ही सवलत नाहीच, साउथ कॅरोलायनात तर २००८च्या कायद्यानं अशा मुलांना सरकारी कॉलेजात प्रवेशच नाही.

पैसे कुठून येतील? फाफ्सा भरू नका, तो केंद्राच्या शैक्षणिक मदतीचा अर्ज आहे आणि तिला त्यातून काही मिळणार नाही. न्यू जर्सीनं २०१८ मध्ये अशा मुलांना राज्याच्या मदतीचा मार्ग खुला केला. त्यासाठी राज्याच्या विद्यार्थी साहाय्य संस्थेचा, सगळे तिला हेसा म्हणतात, वेगळा पर्यायी अर्ज आहे. त्यातूनच ट्युशन एड ग्रँटचा, म्हणजे राज्याच्या फी-अनुदानाचा, विचार होतो, आणि उत्पन्नाच्या मर्यादेत बसत असाल तर काउंटी कॉलेजची ट्युशन माफ करणाऱ्या योजनेचाही. उत्पन्न दाखवायला टॅक्स रिटर्न लागतात. यजमानांचा एच-१बीच्या वेळचा सोशल सिक्युरिटी नंबर आहेच. तुमचा किंवा मुलीचा आयटीआयएन, म्हणजे सोशल सिक्युरिटी नंबर नसलेल्यांचा कर भरण्यासाठीचा नंबर, काढायचा विचार असेल तर आधी वकिलाला विचारा, कारण एप्रिल २०२५ मध्ये कर खातं आणि इमिग्रेशन खातं यांच्यात माहिती देण्याघेण्याचा करार झाला आहे.

माझा सल्ला स्पष्ट आहे: पहिली दोन वर्षं तुमच्याच काउंटीच्या कॉलेजात. आपल्या लोकांना ‘कम्युनिटी कॉलेज’ म्हटलं की कमीपणा वाटतो, मंडळात सांगायला लाज वाटते. ती बाजूला ठेवा. तिथली वर्षाची फी विद्यापीठाच्या फीच्या एका भागात बसते, आणि असोसिएट डिग्री पुरी केली की राज्याच्या बदली करारामुळे ते क्रेडिट्स न्यू जर्सीच्या सरकारी विद्यापीठात घेतले जातात. उद्या कायदा डळमळलाच तर कमी पैसे अडकलेले असतील, आणि दोन वर्षांची एक पदवी हातात असेल.

आता जे सांगते ते तुम्ही विचारलेलं नाही, पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मुलीचा अठरावा वाढदिवस आणि त्यापुढचे सहा महिने. अठरा वर्षांखालच्या मुलाची ‘बेकायदेशीर उपस्थिती’ कायद्यानं मोजली जात नाही. अठराव्या वाढदिवसापासून घड्याळ सुरू होतं. एकशे ऐंशी दिवस उलटल्यावर ती देश सोडून गेली तर तीन वर्षं परत यायला बंदी, आणि एक वर्ष उलटल्यावर गेली तर दहा वर्षं. म्हणजे साधारण साडेअठरापर्यंत ती भारतात गेली तर या कारणानं तिच्यावर बंदी बसत नाही. त्यानंतर बसते. तुम्हा दोघांची मोजणी २०२१पासूनच चालू आहे, ती वेगळी.

याचा अर्थ तिला पाठवा असा नाही. परत येण्यासाठी एफ-१ मागितला तर अमेरिकन वकिलातीतला अधिकारी तुमचं सगळं घर इथे आहे हे बघेल, आणि नकाराची शक्यता मोठी आहे. आईवडील तिला भेटायला भारतात गेले तर दहा वर्षं अडकतील. हा घराचा निर्णय आहे. पण तो पंधरा महिन्यांच्या आत, डोळे उघडे ठेवून, वकिलासमोर बसून घ्या. माझ्याकडे आलेल्या कितीतरी घरांनी हा विचार मुलगा एकोणीस वर्षांचा झाल्यावर केला, आणि तोपर्यंत निवडायला काही उरलं नव्हतं. डाकाचा, म्हणजे लहानपणी आलेल्या कागद नसलेल्यांना हद्दपारीपासून तात्पुरतं संरक्षण देणाऱ्या योजनेचा, विचार मनात असेल तर तो सोडून द्या. त्यासाठी १५ जून २००७च्या आधीपासून इथे असावं लागतं, तुम्ही २०१६ला आलात.

भारतात शिकायचं ठरलंच, तर इथल्या डिप्लोमाला भारतीय विद्यापीठ महासंघाचं समकक्षता प्रमाणपत्र लागेल. वैद्यकीयचा राज्य कोटा वर म्हटल्याप्रमाणे दहावी-बारावीवर अडेल. अभियांत्रिकी, कला, विज्ञान यांना वाट जास्त मोकळी आहे. तुम्हा दोघांचे अधिवासाचे जुने दाखले सासरी-माहेरी कुठे ट्रंकेत पडले असतील तर कुणालातरी शोधून ठेवायला सांगा.

आणि पदवीनंतरचं तिला आत्ताच सांगा, लपवू नका. डिग्रीसोबत कामाचा परवाना येत नाही. न्यू जर्सीनं २०२० मध्ये व्यावसायिक परवान्यांसाठी इमिग्रेशन स्टेटसची अट काढली, म्हणजे नर्सिंगसारखा परवाना तिला मिळू शकतो. पण नोकरी देणाऱ्याला केंद्राच्या कायद्यानं कामाची परवानगी बघावीच लागते. मुलीला हे सतराव्या वर्षी कळलं तर ती विषय विचार करून निवडते. बाविसाव्या वर्षी कळलं तर ती तुमच्यावर रागावते, आणि तिचा राग बरोबर असतो.

धाकट्याची काळजी मात्र सोडा. तो न्यू जर्सीत जन्मलेला अमेरिकन नागरिक आहे. आईवडिलांना कागद नाहीत म्हणून त्याला राज्याचं ट्युशन एड ग्रँट नाकारता येत नाही. २०१२ मध्ये न्यू जर्सीच्या अपील न्यायालयानं अगदी अशाच एका मुलीच्या बाजूनं निकाल दिला आहे. त्याची वेळ येईल तेव्हा त्याचा फाफ्सा भरायचा आहे, आणि त्यात पालकांची माहिती लागते. तो फॉर्म ऑनलाइन उघडायच्या आधी मला किंवा वकिलाला फोन करा. तोपर्यंत त्याच्या जन्मदाखल्याच्या दोन प्रमाणित प्रती काढा, एक घरात आणि एक घराबाहेर, विश्वासाच्या माणसाकडे.